टार, सेव्हन-झिप की अनार?

अनेक फायली एकत्र बांधलेली गाठोडी, म्हणजे आर्काइव्ह, सोडणारी ही तीन साधनं; त्यातलं कोणतं वापरावं? ज्यांचं सगळं काम सर्व्हरवर चालतं त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. तिथे टार असतंच, तेच वापरा. ज्यांच्या लॅपटॉपवर रोज कुठून कुठून झिप, रार, टार-जीझेड अशी गाठोडी येऊन पडतात आणि ती टर्मिनलमध्येच (कमांड टाइप करायच्या खिडकीत) उघडायची सवय आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

टारची लोकांना उगाच धास्ती. ग्नू टार (लिनक्सवर सहसा असतं ते) २००४ च्या १.१५ आवृत्तीपासून वाचताना कॉम्प्रेशनचा, म्हणजे फायली दाबून लहान करण्याचा, प्रकार स्वतःच ओळखतं. त्यासाठी कमांडला झेड हा पर्याय लावायचा की जे, हे पाठ करायचे दिवस गेले. सोडायला एक्स आणि फाइलचं नाव द्यायला एफ, एवढं पुरे. मॅकवरचं टार बीएसडी या दुसऱ्या प्रणालीतून आलेलं, ते झिपही उघडतं.

माझं बिनसलं ते वेगळ्याच कारणाने. एका सहकाऱ्याने टार-जीझेड पाठवलं आणि मी नेहमीसारखं, ज्या फोल्डरमध्ये काम चाललं होतं तिथेच ते सोडलं. आत वरचं फोल्डरच नव्हतं! चाळीसेक फायली माझ्या फायलींत सांडल्या. त्यात एक मेकफाइल (प्रोग्राम कसा बांधायचा याच्या सूचनांची फाइल) होती. माझीही होती. टारने विचारलंसुद्धा नाही. माझी गेली, त्याची बसली. सकाळपासून गिटमध्ये (फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) काही टाकलेलं नव्हतं. बरं, आतल्या फायलींची यादी काढून तेवढ्याच पुसाव्यात, तर रीडमी नावाची फाइल दोघांचीही.

आधी यादी बघावी, किंवा टारला मोठा सी हा पर्याय देऊन दुसऱ्या फोल्डरमध्ये सोडावं, हे मलाही ठाऊक आहे. पण ते फोल्डर आधी आपणच करून ठेवावं लागतं, आणि संध्याकाळी साडेसहाला कोण करतो?

सेव्हन-झिप वर लिहिण्याआधी निदान विचारतं, आणि उघडत नाही असं फारसं काही नाही. पण एक्सऐवजी चुकून ई दिला की आतली सगळी फोल्डरं मोडून फायलींचा एकच ढीग. टार-जीझेड दोनदा सोलावं लागतं, आधी जीझेड, मग टार. विंडोजवाल्यांना मात्र मी सेव्हन-झिपच सांगेन.

अनार (अनरार नव्हे, ते फक्त रारसाठी) आधी आत डोकावतं. वरच्या पातळीवर एकाहून जास्त गोष्टी असतील तर आर्काइव्हच्या नावाचं फोल्डर करून त्यात सगळं ठेवतं. एकच फोल्डर असेल तर त्याभोवती दुसरं करत नाही. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर नाव बदलू, वर लिहू की सोडून देऊ, असं विचारतं. बस, मला एवढंच हवं होतं. ते वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, आर्काइव्ह बनवता येत नाही, आणि चार-पाच जीबीच्या फायलीला मला ते टारपेक्षा सुस्त वाटलं. तुमचं रोजचं काम तसल्याच फायलींचं असेल तर माझं ऐकू नका.

सर्व्हरवर गेलो की माझाही हात टारवरच पडतो. फक्त आता त्याच्या आधी एमकेडिर (नवं फोल्डर करायची कमांड) लिहितो.