डिफॉल्ट मूल्ये कोठून बदलू द्यावीत: मॉड्यूल पॅरामीटर की डिव्हाइस ट्री?

लिनक्सच्या ड्रायव्हरमधील डिफॉल्ट मूल्य बदलण्याची सोय द्यायची झाली, की दोन मार्ग समोर येतात: मॉड्यूल पॅरामीटर, म्हणजे ड्रायव्हरचे मॉड्यूल कर्नलमध्ये लोड करताना दिलेले मूल्य, आणि डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावरील हार्डवेअरचे कर्नलला दिलेले वर्णन. मी दोन्ही वापरले आहेत आणि इतरांचे ड्रायव्हर तपासतानाही हा प्रश्न वारंवार येतो.

मॉड्यूल पॅरामीटरची सोय नाकारता येत नाही. मॉडप्रोबच्या (मॉड्यूल लोड करणाऱ्या आज्ञेच्या) फाइलीत एक ओळ लिहून मॉड्यूल पुन्हा लोड केले, की नवे मूल्य लागू होते; डीटीबी (डिव्हाइस ट्रीची संकलित फाइल) पुन्हा तयार करावी लागत नाही. बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना मला आजही हाच मार्ग जवळचा वाटतो.

माझा कल ठरला तो मात्र एका त्रासामुळे: पॅरामीटर ड्रायव्हरचा असतो, उपकरणाचा नसतो. एका बोर्डावर विद्युतप्रवाह मोजणाऱ्या दोन आयएनए२१९ चिप होत्या आणि त्यांचे शंट रोधक (ज्यावरील व्होल्टेजवरून प्रवाह काढतात ते) वेगवेगळे होते. पॅरामीटरने दिलेले एकच मूल्य दोन्हींना लागू झाले असते आणि एक वाचन हमखास चुकले असते. डिव्हाइस ट्रीमध्ये प्रत्येक चिपच्या नोडला (नोंदीला) स्वतःची ‘शंट-रेझिस्टर’ प्रॉपर्टी देता येते. ती दिली नाही, तर ड्रायव्हर १० मिलिओहम गृहीत धरतो. प्रत्यक्षात रोधक १०० मिलिओहमचा असेल, तर प्रवाह दहापट दिसतो आणि लॉगमध्ये तक्रारीची एक ओळही येत नाही. म्हणून ड्रायव्हर तपासताना माझा आग्रह असतो, की प्रॉपर्टी नसेल तरच डिफॉल्ट वापरावे. ती चुकीची लिहिली असेल, तर प्रोब (ड्रायव्हरने उपकरण सुरू करण्याची पायरी) थांबवावा. या दोन स्थितींसाठी कर्नल वेगवेगळे एरर कोड देते, पण घाईत लिहिलेला कोड दोन्हींना एकाच मापाने मोजतो.

डिव्हाइस ट्रीची किंमतही आहे. एकदा स्वीकारलेली प्रॉपर्टी सहज मागे घेता येत नाही, आणि जुन्या डीटीबीवर नवे कर्नल चालायला हवे, म्हणून ड्रायव्हरमधील डिफॉल्टही नंतर बदलणे अवघड होते. शिवाय तेथे हार्डवेअरचे वर्णन अपेक्षित असते, वापरकर्त्याची आवडनिवड नव्हे. त्यामुळे डीबगिंगची पातळी ठरवण्यासाठी पॅरामीटर ठेवण्यास माझी हरकत नसते. मूल्य बोर्डाच्या जोडणीवर अवलंबून असेल, तर मात्र मी डिव्हाइस ट्रीच सुचवेन.