सुई-दोरा की कीबोर्ड?

शाळा-कॉलेजच्या वयात खिशाला न झेपणारे छंदच जास्त दिसतात. न बघता टायपिंग आणि हातशिलाई हे दोन मात्र जवळजवळ फुकटात पडतात.

न बघता टायपिंग शिकायला हाताशी असलेला कीबोर्ड पुरतो. एफ आणि जे या बटणांवरचे बारीक उंचवटे तर्जनीने चाचपायचे, बाकीची बोटं त्यांच्या शेजारी बसतात. रोज 15 मिनिटं पुरे. पण सुरुवातीला वेग उलट घटतो आणि तिथेच कंटाळा येतो. खरं सांगायचं तर यात छंद कमी, सराव जास्त.

म्हणून माझं मत हातशिलाईला. सुई, रीळ आणि जुना टी-शर्ट, बस्स. धावदोरा, म्हणजे सरळ पुढे जाणारा साधा टाका, पहिल्याच दिवशी जमतो, पण ताण आला की तुटतो. उलटी टीप घालताना सुई दरवेळी एक टाका मागे जाते, त्यामुळे शिवण पक्की बसते. उसवलेली बगल, दप्तराचा पट्टा, इथे तीच हवी. (दप्तराला दोरा दुहेरी घ्या.) मी लावलेलं पहिलं बटण इतकं घट्ट बसलं की काजातून जाईना! बटणाखाली आगकाडी ठेवून शिवायचं आणि मग ती काढून घ्यायची, हे नंतर कळलं.