मेडिकेअर : मोठ्या बिलात आधार, दीर्घ शुश्रूषेत हात वर

विमा घेतल्याने माणूस किती वर्षे अधिक जगला, यापेक्षा आजारपणात त्याची पुंजी किती शिल्लक राहिली, हे आधी तपासावे. अमेरिकेतील ६५ वर्षांवरील नागरिकांसाठीची मेडिकेअर ही सरकारी योजना या कसोटीला बऱ्यापैकी उतरते. १९६५ मध्ये कायदा झाला आणि १ जुलै १९६६ पासून लाभ मिळू लागले. एमी फिंकेलस्टीन आणि रॉबिन मॅकनाइट या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासानुसार पहिल्या दहा वर्षांत वृद्धांच्या मृत्युदरात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र ज्यांना उपचारांवर सर्वाधिक खर्च करावा लागे, अशा एक चतुर्थांश वृद्धांचा पदरचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी घटला. माझ्या दृष्टीने योजनेची खरी कमाई हीच.

या कमाईची किंमत मात्र लहान नाही. फिंकेलस्टीन यांच्याच दुसऱ्या अभ्यासात १९६५ ते १९७० या काळातील रुग्णालयीन खर्चाची सुमारे ३७ टक्के वाढ मेडिकेअरशी जोडलेली आढळते. पैसे देणारा निश्चित झाल्यावर रुग्णालयांनी नवी यंत्रसामग्री घेतली, सेवा वाढवल्या, आणि त्याचा भार वृद्धांपुरता उरला नाही. झालेला खर्च भरून देण्याच्या मूळ पद्धतीत काटकसर करणारे रुग्णालय तोट्यातच राही. १९८३ पासून निदानाच्या गटानुसार आधीच ठरलेली रक्कम मिळू लागल्यावर रुग्णाला लवकर घरी पाठवणे रुग्णालयाच्या हिताचे ठरले.

मेडिकेअरमधील रुग्णालयाच्या विम्यासाठी कामगार आणि मालक प्रत्येकी वेतनाच्या १.४५ टक्के कर भरतात. आई-वडिलांच्या बिलातून मुले सुटतात ती अशी, पगारातून दरमहा थोडे थोडे देऊन. हा सौदा मला रास्त वाटतो.

तक्रार आहे ती त्रुटींबद्दल. डॉक्टरांच्या बहुतेक सेवांचा २० टक्के वाटा रुग्णाकडेच राहतो, आणि मूळ योजनेत त्याच्या एकूण खर्चाला वार्षिक मर्यादा नाही, म्हणून अनेकांना पूरक विमा विकत घ्यावा लागतो. घरी घ्यायच्या औषधांचा स्वतंत्र विमा थेट २००६ मध्ये आला. अंघोळ घालणे, भरवणे, उठवून बसवणे अशी वर्षानुवर्षे लागणारी शुश्रूषा तर योजनेत बसतच नाही, आणि उतारवयातील बचत सर्वाधिक आटते ती नेमकी तिथेच.