लायकमिंग ओ-२३५ चे टॅपेट : चौदा महिने आणि १६० तासांनंतर

सेसना १५२ या दोन आसनी छोट्या विमानाची सर्वांना ठाऊक असलेली माहिती पुन्हा सांगत नाही. आमचे विमान १९७९ सालचे असून इंजिन ओ-२३५-एल२सी, ११० अश्वशक्तीचे आहे. आम्ही तिघांनी ते भागीदारीत घेतले आणि ओहायोतल्या एका लहान धावपट्टीवरच्या हँगरमध्ये ठेवले आहे. घेताना एकच गोष्ट मी नाक मुरडत मान्य केली होती, ती म्हणजे या इंजिनाचे टॅपेट, म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे पोहोचवणारे भाग, हायड्रॉलिक नाहीत. सेसना १५० च्या ओ-२०० इंजिनात व्हॉल्व्हची फट, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातले अंतर, तेलाच्या दाबाने आपोआप भरून निघते. आमच्या नशिबी मात्र आठ व्हॉल्व्ह, आठ स्क्रू, आठ लॉकनट आणि दर शंभर तासांनी फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घेऊन त्यांची मनधरणी करणे आले.

हे लिहायला निमित्त झाले ते वार्षिक तपासणीच्या बिलाचे. त्यात ‘व्हॉल्व्हची फट तपासून जुळवली’ या कामाचे तीन तास लावले होते आणि लॉगबुकातही तशी नोंद होती. पुढे दीड महिन्याने तेल बदलताना माझे लक्ष रॉकर कव्हरच्या स्क्रूंकडे गेले. स्क्रू हलला की नाही हे कळावे म्हणून त्याच्या डोक्यावरून कव्हरपर्यंत ओढतात ती केशरी रंगाची रेघ प्रत्येक स्क्रूवर जशीच्या तशी, एका जागीही न तुटलेली होती आणि तिच्यावर धूळ बसलेली होती. विमान घेताना काढलेले फोटो उघडून पाहिले, तर त्यातही तीच रेघ, तोच वाकडा फराटा. म्हणजे कव्हर उघडलेच नव्हते, आणि ते उघडल्याशिवाय फट मोजता येत नाही. विचारल्यावर वर्कशॉपवाल्यांनी ‘आवाजावरून तपासले’ असे सांगितले. पैसे परत मिळाले नाहीत. पुढच्या बिलात सूट देऊ म्हणाले, पण पुढचे बिल आता त्यांना मिळणार नाही.

एफएए या अमेरिकी विमान वाहतूक नियामकाच्या नियमांत विमानमालक वैमानिकाने स्वतः करायच्या किरकोळ कामांची यादी आहे. तेल बदलणे, प्लग साफ करणे त्यात येते, टॅपेट येत नाहीत. म्हणून एक परवानाधारक मेकॅनिक गाठला आणि त्याच्या देखरेखीखाली काम मी केले. इंजिन रात्रभर थंड झालेले हवे. प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढून, प्लगला ठिणगी पुरवणारे मॅग्नेटो बंद असले तरी चालू आहेत असेच समजून प्रोपेलर हाताने फिरवायचा आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर आणायचा. व्हॉल्व्हची दांडी आणि रॉकर यांच्यामध्ये पाते सरकवले की त्याला किंचित ओढ लागली पाहिजे. ते सैल फिरता कामा नये आणि अडकताही कामा नये. खरी मेख पुढे आहे. स्क्रू पेचकसाने धरून लॉकनट आवळला की फट बदलते, त्यामुळे आवळल्यानंतर पुन्हा मोजलेच पाहिजे, आणि पहिल्या दिवशी मला एकेका स्क्रूवर हे चार-चार वेळा करावे लागले. किती फट ठेवायची तो आकडा मी मुद्दाम लिहीत नाही. तो आपापल्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावा.

नाशिकला वडिलांच्या जुन्या बुलेटचे टॅपेट मी लहानपणी पाहिले होते. पुशरॉड (रॉकरला ढकलणारी दांडी) बोटांनी सहज फिरला की झाले, इतके ते सोपे होते. खडखड वाढली की टॅपेट सैल झाले, हे त्या काळापासून डोक्यात बसलेले, आणि नेमके तेच इथे चुकीचे ठरले. सात व्हॉल्व्ह मापात निघाले, पण तीन नंबरच्या, म्हणजे उजवीकडच्या मागच्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली सर्वांत पातळ पातेही जाईना. रॉकर किंवा कॅम झिजला तर फट वाढते आणि आवाज येतो. व्हॉल्व्ह आणि तो मिटताना ज्या कड्यावर टेकतो ती त्याची बैठक झिजली तर फट कमी होते आणि काहीच ऐकू येत नाही. फट संपली की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, त्याची उष्णता बैठकीवाटे सिलिंडर हेडमध्ये उतरत नाही आणि तो कडेने जळू लागतो. ‘आवाजावरून तपासले’ या उत्तराचा राग मला खऱ्या अर्थाने तेव्हा आला. कॉम्प्रेशन तपासायला ८० पौंडांचा हवेचा दाब दिल्यावर त्या सिलिंडरमध्ये ६२ उरत होते आणि एक्झॉस्ट पाइपला कान लावला की बारीक फुसफुस स्पष्ट ऐकू येत होती.

फट जुळवली, थोडे उड्डाण केले, तर आकडा ७३ वर आला, आणि मी भागीदारांना काम फत्ते झाल्याचे कळवूनही टाकले. ती घाई होती. २५ तासांनी तोच व्हॉल्व्ह पुन्हा घट्ट झालेला निघाला आणि आणखी २० तासांनी पुन्हा. तिसऱ्या खेपेस मेकॅनिकने पेचकस माझ्या हातातून काढून घेतला. स्क्रू फिरवून आपण दुखणे फक्त झाकत आहोत, असे त्याचे म्हणणे होते. सिलिंडर उतरवला तेव्हा बैठक एका बाजूने खचलेली होती. नवा व्हॉल्व्ह, नवी बैठक आणि मजुरी यांत आम्हा तिघांचे वर्षाचे बजेट गेले, तरी उडताना व्हॉल्व्ह तुटला असता तर काय झाले असते, हे मोजायला कुठलेच बजेट पुरले नसते.

त्यामुळे नाक मुरडून घेतलेल्या या टॅपेटविषयीचे माझे मत बदलले आहे. हायड्रॉलिक टॅपेटने तीच झीज गुपचूप भरून काढली असती आणि कॉम्प्रेशन पुरते ढासळेपर्यंत आम्हाला पत्ता लागला नसता. आता मी वहीत आठही व्हॉल्व्हची जुळवण्यापूर्वीची फट लिहून ठेवतो, कारण झीज तिच्यातच दिसते; नंतरची कुणीही लिहील.

तक्रार उरली आहे ती रॉकर कव्हरच्या गॅस्केटची, आणि ती क्षुल्लक असली तरी मला सोडवत नाही. कॉर्कची गॅस्केट स्वस्त म्हणून मी दोनदा घेतली. ती उष्णतेने विटेसारखी कडक होते, सुरीने खरवडून काढावी लागते आणि पुन्हा बसवता येत नाही, म्हणजे प्रत्येक तपासणीला चार नवी. दुसऱ्या खेपेस त्यातली एक गळली, तेल एक्झॉस्टवर ठिबकले आणि कॉकपिटमध्ये जळकट वास आला म्हणून मला मधूनच परत उतरावे लागले. शेवटी सिलिकॉनची घेतली. ती बरीच महाग आहे, पण काढून पुन्हा लावता येते. फक्त स्क्रू जास्त आवळला की कडेने बाहेर पिळवटते. त्यातली एक मीच तशी वाया घालवली आणि तिचे पैसे भागीदारांकडे मागितलेले नाहीत.

सिलिंडर बसवल्यापासून ५० तास झाले असून तीन नंबरची फट जागची हललेली नाही. केशरी रेघ आता मी स्वतः ओढतो आणि तिचा फोटो तारखेसह वहीत चिकटवतो.