बदकाच्या पिल्लांत नर-मादी कशी ओळखावी: हाताने, पिसाने की कानाने?

परसात पाच-सहा बदकं पाळायची म्हणून पिल्लं आणली, की पंधरा दिवसांत एकच प्रश्न उरतो: यात नर किती आणि माद्या किती? हा नुसत्या कुतूहलाचा प्रश्न नाही. एका नरामागे चार-पाच माद्या असाव्यात. नर जास्त झाले की माद्यांच्या मानेवरची पिसं उपटून निघतात, पाठीवर ओरखडे पडतात. ओळखण्याचे बहुतेक मार्ग मी करून पाहिलेत आणि माझा कल कुठे आहे ते सांगणारच आहे. पण आधी जात बघून घ्या.

जात म्हणजे लगेच नेमकं नाव नव्हे. पिल्लू मस्कोवीचं आहे की नाही, एवढंच आधी ठरवा. पेकिन, खाकी कॅम्पबेल, इंडियन रनर, रुएन ही सगळी मॅलार्ड या एकाच जंगली बदकाची वंशज. मस्कोवी ही प्रजातीच वेगळी. तिची अंडी फुटायलाही 28 ऐवजी साधारण 35 दिवस लागतात. पिल्लू तळहातावर घेतलं की फरक जाणवतो. नख्या टोकदार, हाताला रुततात, शेपटी जरा लांब, आणि खोक्याच्या भिंतीवर चढायची सतत धडपड. मस्कोवीची मादी क्वॅक करत नाही आणि नराच्या शेपटीवर कुरळं पीस येत नाही, त्यामुळे खालचे दोन उपाय तिथे चालत नाहीत. तिथे अंगकाठी पाहावी. नर वाढून मादीच्या जवळजवळ दुप्पट होतो, आणि त्याचे जाड पाय बरेच आधी सांगून जातात.

बाकीच्यांत रंगावरून जात ठरवायची घाई नको. पिवळं पिल्लू म्हणजे पेकिन असं अनेक जण धरून चालतात, पण पुढे पांढरी होणारी बरीच बदकं लहानपणी पिवळीच असतात. उभं राहण्याची ढब बघा. रनरचं पिल्लू काही दिवसांचं असतानाच बाटलीसारखं ताठ उभं राहतं. रुएन आणि मॅलार्ड मोठेपणीही एकाच रंगाचे, फरक अंगापिंडाचा, म्हणून तिथे थांबायलाच हवं. निळ्या नर-मादीच्या जोडीला तर एकाच खेपेत निळी, काळी आणि फिकट रुपेरी अशी तिन्ही पिल्लं होतात. साधारण निम्मी निळी. सख्खी भावंडं वेगवेगळ्या जातींची समजली जातात ती यामुळेच.

आता नर-मादी. कुठल्याही जातीत पहिल्याच दिवशी घरच्या घरी उत्तर देणारा मार्ग म्हणजे पिल्लू उलटं धरून गुदद्वार हलकेच उघडून पाहणं. लिंग असलेले पक्षी थोडेच, बदक त्यांतलं. सराईत माणसाला काही सेकंद लागतात आणि त्याची चूक क्वचितच होते. त्या कौशल्याबद्दल मला आदरच आहे. पण हात सराईत नसेल तर काय होतं बघा. दाब कमी पडला किंवा बोट जरा चुकलं, तर लिंग बाहेर येतच नाही. मग आपण म्हणतो, काही दिसलं नाही, म्हणजे मादी. म्हणजे चूक होते ती बहुतेक एकाच बाजूला: नर माद्यांमध्ये मोजले जातात.

मी अशा तपासून दिलेल्या सहा माद्या आणल्या होत्या. चौथ्या महिन्यात त्यांतल्या चौघांच्या शेपटीवर कुरळी पिसं आली. दोन माद्यांमागे चार नर. एका मादीच्या मानेमागे महिनाभर पीस टिकलं नाही, शेवटी तिला वेगळं ठेवावं लागलं. एकटं पडलेलं बदक दिवसभर कशा हाका मारतं, ते ऐकवत नाही. शिवाय जोर जास्त झाला तर पिल्लाला आतून इजा होते. त्यानंतर मी हा मार्ग सोडला.

रंगावरून नर-मादी ओळखण्याचा एक प्रकार मात्र भरवशाचा आहे, फक्त आई-बाप माहीत हवेत. खाकी नर आणि रुएनसारख्या गडद रंगाची मादी अशी जोडी असेल, तर नर पिल्लं गडद निघतात आणि माद्या फिकट खाकी. जोडी उलटी लावली तर हा फरक मिळत नाही. वेल्श हार्लेक्विनमध्ये पहिले काही दिवस चोचीवरून अंदाज येतो, नराची गडद आणि मादीची फिकट. पण तो अंदाजच. डीएनए तपासणीचं उत्तर पक्कं असतं, कारण पक्ष्यांत मादीची गुणसूत्रं झेड आणि डब्ल्यू, तर नराची दोन्ही झेड. पैदाशीसाठी जोड्या लावणाऱ्याला ती योग्य. परसातल्या सहा पिल्लांसाठी मला जरा जास्त वाटते.

कुरळं पीस दिसलं की शंका उरत नाही. पण ते यायला तीन-चार महिने लागतात, आणि पिसं गळण्याच्या दिवसांत तेही गळतं. तोवर जादा नरांसाठी दुसरं घर शोधणं अवघड होऊन बसतं.

राहिला आवाज. लहानपणी सगळ्यांचा चिवचिवाट सारखाच. पाच-सहा आठवड्यांच्या सुमारास आवाज फुटायला लागतो. मादीचा क्वॅक खणखणीत. नराचा घसा बसल्यासारखा, कारण त्याच्या श्वासनलिकेच्या तळाशी डाव्या बाजूला एक फुगीर भाग असतो, तो मादीला नसतो. अडचण एवढीच की कळपात कोण ओरडलं ते कळत नाही. मी एकेक पिल्लू काखेत घेऊन दहा-बारा पावलं दूर जातो. सोबती दिसेनासे झाले की ते हाक मारतंच, आणि तळहात छातीखाली असेल तर मादीची हाक कानाआधी हाताला कळते. क्वॅक ऐकला की पायात पिवळं कडं. कडं सैल ठेवावं, आठवड्याला तपासावं. पाय भराभर जाड होतो.

गप्प राहिलेलं किंवा घोगरं बोललेलं पिल्लू नर समजायचं का? लगेच नाही. एखाद्या मादीचा आवाज उशिरा फुटतो. इथेही चूक होते, पण ती उलट्या बाजूला: मादी काही दिवस नरांत मोजली जाते, आणि एक दिवस ती स्वतःच सांगते. तेवढ्या दिवसांत कुणाला इजा होत नाही. म्हणून मला विचाराल तर आवाजच बरा. ज्यांना एकही जादा नर ठेवणं शक्य नाही, त्यांनी मात्र खाकी नर आणि गडद मादी अशा जोडीच्या पिल्लांचीच चौकशी करावी.

गेल्या खेपेला सातपैकी पाचांच्या पायात सातव्या आठवड्यापर्यंत पिवळं कडं पडलं. उरलेली दोन घोगरीच. त्यांतलं एक देऊन टाकायचं जवळपास ठरलं होतं. एका सकाळी पाण्याचं भांडं रिकामं राहिलं होतं, तर ते दाराशी येऊन असं खणखणीत ओरडलं की बाकीची सहा क्षणभर गप्प झाली. त्याच सकाळी सहावं कडं बांधलं.