सीझेड ४५७ (.२२ एलआर): काही महिन्यांच्या वापरानंतर

लहान शिकार आणि पिकाची, साठवणीची नासाडी करणारे ससे-उंदीर, एवढ्या कामाला .२२ एलआर (लाँग रायफल) काडतुसाची बोल्ट ॲक्शन रायफल, म्हणजे दर गोळीनंतर बोल्टची दांडी हाताने ओढून पुढची गोळी भरायची रायफल, पुरते का? पुरते, पण ६५-७० मीटरच्या आत. ज्याला हे अंतर कमी वाटतं त्याने दुसरं कॅलिबर (काडतुसाचं माप) घ्यावं. .२२ एलआर ताणून १०० मीटरवर नेली की जनावर जखमी होऊन बिळात शिरतं आणि तिथे तडफडत मरतं.

दुसरी कॅलिबर दोन. .१७ एचएमआर २००२ साली आलं. १७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी सेकंदाला सुमारे ७७५ मीटर वेगाने निघते, मार्ग जवळजवळ सरळ असतो आणि १०० मीटरवर सशाच्या डोक्यावर नेम धरता येतो. पण गोळी आत फुटते, त्यामुळे धडावर लागली तर मांस वाया जातं. आवाज कडक येतो आणि काडतूस बरंच महाग पडतं. .२२ मॅग्नम (१९५९) ४० ग्रेनची गोळी सेकंदाला ५७० मीटरच्या आसपास वेगाने फेकतं. थोड्या मोठ्या जनावराला ते ठीक, सशाला जास्तच. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: दोन्ही .२२ असली तरी एलआरचं काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेत) घालायचं नाही. ते सैल बसतं, काडतुसाचं पितळी आवरण फाटतं आणि गरम वायू मागे तोंडावर येतो.

.२२ एलआरची खरी ताकद सबसॉनिक काडतुसात आहे. ४० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ३२० मीटर वेगाने जाते, म्हणजे ध्वनीच्या वेगाखाली. हवेतला तडाखा येत नाही. जिथे कायद्याने सायलेन्सर चालतो तिथे तो लावला, तर शेजारचे ससे बहुतेक वेळा जागचे हलत नाहीत.

आता रायफल. चेक कंपनी सीझेडच्या ४५७ चा बोल्ट दांडी ६० अंश उचलताच उघडतो. त्यामुळे स्कोप (नेमाची दुर्बीण) खाली बसवता येतो आणि गाल दस्त्यावरून न हलवता पुढची गोळी भरता येते. सेफ्टी पुढे ढकलली की रायफल मारायला तयार, हे जुन्या सीझेडच्या उलट आहे. दोन्ही वापरणाऱ्याने हात मुद्दाम वळवून घ्यावा. स्कोपसाठी ११ मिमीचा डव्हटेल (रिंगा अडकवायची खाच) आहे, स्कोप धरणाऱ्या रिंगा त्याच मापाच्या घ्याव्यात. चापाचा भार कमी-जास्त करता येतो. नळी बदलून याच रायफलवर .१७ एचएमआर किंवा .२२ मॅग्नम बसवता येतं, हा मोठा फायदा. सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणारी) रायफल या कामाला मी सुचवणार नाही: बऱ्याचशा सेमी-ऑटो सबसॉनिकवर अडकतात, आणि सबसॉनिक नसेल तर .२२ घेण्याचं अर्धं कारणच संपतं.

सगळ्यात जास्त वेळ काडतूस निवडण्यात घालवावा. एकाच कारखान्याच्या दोन शेजारच्या रायफलींना वेगवेगळी काडतुसं मानवतात, म्हणून दुसऱ्याचा निकाल आपल्याला उपयोगी नाही. पाच-सहा प्रकारांची ५०-५० काडतुसं आणावीत. टेकूवरून, वारा पडलेला असताना, ५० मीटरवर प्रत्येकाचे पाच गोळ्यांचे पाच ग्रूप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचे पुंजके) काढावेत. प्रकार बदलल्यावर पहिल्या १५-२० गोळ्या मोजू नयेत. गोळीवरच्या मेणाचा थर नळीत नव्याने बसतो आणि तोवर नेम भरकटतो. एका सुंदर ग्रूपवर भुलू नये, सगळ्यात वाईट ग्रूप पाहावा. तोही अडीच सेंटीमीटरच्या आत आला तर ते काडतूस घ्यावं, आणि त्याच लॉट नंबरचा (एकाच वेळी बनलेल्या खेपेचा) साठा करावा. स्वस्त लॉटमध्ये वेग कमी-जास्त होतो. १० मीटर प्रतिसेकंदाच्या फरकानेसुद्धा ७५ मीटरवर गोळी जवळपास दीड सेंटीमीटर वर-खाली जाते. हाय व्हेलॉसिटी काडतूस सरळ जातं म्हणून सोपं वाटतं, पण ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना ते आडव्या वाऱ्यात सबसॉनिकपेक्षा जास्त ढकललं जातं.

झीरो, म्हणजे नेम आणि गोळी जिथे एकत्र येतात ते अंतर, ५० मीटरवर ठेवावा. स्कोप नळीच्या ४ सेंमी वर असेल तर सबसॉनिक गोळी १० मीटरवर साधारण १ सेंमी खाली, २५ वर १ सेंमी वर, ७५ वर ८ सेंमी खाली आणि १०० वर तब्बल २२ सेंमी खाली लागते. गोदामात ५ मीटरवरचा उंदीर मारताना अडीच सेंमी वर धरायला हवं, हे बहुतेक जण विसरतात. मोठ्या रायफलीचा स्कोप साधारण ९० मीटरच्या पॅरलॅक्सवर कायम केलेला असतो (पॅरलॅक्स म्हणजे डोळा सरकल्यावर नेमाची खूण लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसणं). ५० मीटरवर डोळा जरा सरकला की एखादा सेंटीमीटर चुकतो. रिमफायरचा (.२२ सारख्या छोट्या काडतुसांच्या रायफलीसाठीचा) किंवा पॅरलॅक्स फिरवता येणारा स्कोप घ्यावा.

बिघाडाची कारणं थोडीच आहेत. नेम एकाएकी पसरला तर आधी दस्त्याचे आणि रिंगांचे स्क्रू तपासावेत. ते ठीक असतील तर चेंबरच्या अगदी पुढे कार्बनचं कडं साचलेलं असतं, तेवढा भाग सॉल्व्हंट लावून ब्रशने काढावा. बाकी नळी रोज घासू नये. दांडा नेहमी चेंबरच्या बाजूने, बोअर गाइड (दांडा सरळ ठेवणारी नळी) लावून घालावा, नाहीतर नळीचं तोंड झिजतं. चाप दाबून काडतूस उडालं नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबावं, मगच बोल्ट उघडावा. काडतुसाच्या मागच्या कडेत (रिममध्ये) पेटवणारा मसाला सारखा पसरलेला नसतो, त्यामुळे असं अधूनमधून होणारच.

शिशाची संथ गोळी दगड, कडक जमीन, पाणी यांवरून फार सहज उसळते आणि खूप दूरवर जाऊ शकते. मागे मातीचा उतार दिसत नसेल तर चाप दाबू नये. उभ्या जनावरावर क्षितिजाच्या रेषेत मारायचं नाही. मेलेले उंदीर-ससे उघड्यावर टाकू नयेत. त्यांतलं शिसं घारी-गिधाडांच्या पोटात जातं. शिसेविरहित काडतुसं मिळतात, पण त्यांची गोळी हलकी असते. त्यांचे ग्रूप वेगळे काढावेत आणि झीरोही वेगळा लिहून ठेवावा.