आठ-नऊ महिने जुनेच कपडे घेतले, त्याचा अनुभव (मुंबई, शुक्रवारचा जुमा बाजार आणि बाकीचं)

गेल्या दिवाळीत ठरवलं होतं की वर्षभर नवीन कपडा घ्यायचा नाही, घ्यायचा तर जुनाच, आणि तोही परवडणारा. वर्ष अजून झालं नाहीये पण पावसाळा अर्धा झालाय आणि एवढ्या दिवसात कपडे धुऊन, घालून, उसवून, परत शिवून झालेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. विकत घेतल्या दिवशीचा आनंद वेगळा असतो, खरं काय ते आठव्या-दहाव्या धुण्याला कळतं.

आधी हिशोब. २३ कपडे घेतले. शिलाई-रफू धरून साधारण ९,४०० रुपये गेले, त्यातले २,६०० नुसते टेलरचे. १५ कपडे नियमित घालते, ५ फिट बसले नाहीत म्हणून मैत्रिणींना दिले, ३ वाया गेले. टेलरचा आकडा मुद्दाम सांगतेय कारण तो कोणी धरतच नाही. दीडशेचा शर्ट घेतला म्हणून सगळे खूश होतात पण खांदा उतरवायला दोनशे जातात आणि तरी तो नीट बसेलच असं नाही.

जागा. मी डोंबिवलीची, त्यामुळे शुक्रवारी पहाटेची लोकल पकडून सँडहर्स्ट रोडला उतरायचं आणि चालत चोर बाजार. इथे पहिल्यांदा जाणाऱ्यांचा एक घोळ होतो. तिथल्या मटण स्ट्रीटवरची अँटिकची दुकानं शुक्रवारी बंद असतात, आणि जुमा बाजार नेमका शुक्रवारीच पहाटे रस्त्यावर भरतो. म्हणजे जुने दिवे, ग्रामोफोन, पोस्टर बघायचे असतील तर शुक्रवार सोडून जा, कपडे-बूट हवे असतील तर शुक्रवारी, आणि उजाडायच्या आत. नऊनंतर गेलात तर चांगला माल उचलून झालेला असतो. खाली चादर टाकून ढीग लावलेले असतात, मोबाईलचा टॉर्च लावून बघावं लागतं, ट्रायल रूम वगैरे विसरा. मी खिशात टेप ठेवते आणि घरच्या नीट बसणाऱ्या शर्टाचा खांदा, छाती, लांबी मोबाईलमध्ये लिहून ठेवलीय. लेबलवरच्या साइझवर जाऊच नका, जुन्या कपड्यात एल म्हणजे काहीही असू शकतं.

भाव बोहनीच्या वेळी चांगला पडतो. साधा कॉटन शर्ट १०० ते २००, जीन्स ३०० ते ४००, कोट ५०० च्या पुढे. सुट्टे पैसे न्या आणि पर्स पुढे धरा, गर्दी असते. घासाघीस मीही करते पण तिथे कपडे विकणाऱ्या एका मावशींशी बोलल्यावर थोडी कमी केली. आपल्याकडे दारावर बोहारीण येते ना, जुने कपडे घेऊन स्टीलचं भांडं देणारी, तो माल पुढे कुठे जातो हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. या बायका बहुतेक गुजराती बोलणाऱ्या, देवीपूजक समाजातल्या. दिवसभर डोक्यावर बोचकं घेऊन दारोदार फिरायचं, मग घरी कपडे निवडायचे, धुवायचे, उसवलेलं शिवायचं, बटणं लावायची, इस्त्री मारायची आणि मग पहाटे बाजारात आणायचे. मावशी म्हणाल्या, "बेटा, बटन तो मैंने कल रात को लगाया है." त्यानंतर वीस रुपयांसाठी अडून बसणं मला जमत नाही.

परदेशी लेबलं असलेले ढीग वेगळे. बाहेरून येणाऱ्या जुन्या कपड्यांची मोठी छाटणी गुजरातेत कांडलाच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) होते, चिंध्या करून आलेला लोकरी माल पानिपतला जातो आणि त्याच्या धाग्यातून ब्लँकेटं होतात. वापरलेले कपडे आणून इथे सरळ विकायला सरकारची बंधनं आहेत. तरी बाजारात अशी लेबलं दिसतातच. आणि फॅशन स्ट्रीट किंवा लिंकिंग रोडला जाऊन विंटेज शोधणाऱ्यांना एवढंच सांगते की तिथे मुख्यतः नवीन किंवा एक्सपोर्ट सरप्लस माल असतो, स्वस्त आहे, छान आहे, पण ते हे नाही.

आता सगळ्यात लाडका कपडा. पांढऱ्यावर बारीक निळी रेघ असलेला पुरुषांचा कॉटन शर्ट, १५० ला घेतला, ऑफिसला जॅकेटसारखा घालते. कॉलरच्या आत टेलरचं विणलेलं लेबल आहे, त्यावर दादर आणि खाली इंग्रजीत बॉम्बे-२८. पिनकोड नाही, नुसतं २८! आपल्याकडे सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्याआधी मुंबईत असे झोन नंबर होते आणि तेच पुढे पिनच्या शेवटी आले, म्हणजे दादरचं ४०० ०२८. लेबल नंतरही शिवलेलं असू शकतं त्यामुळे साल छातीठोकपणे सांगत नाही पण अंदाज येतो. बटणं शिंपल्याची आहेत, गालाला लावली की गार लागतात, प्लॅस्टिकचं तसं लागत नाही. आणि मुख्य म्हणजे आत बाजूच्या शिवणीत बोटभर माया, म्हणजे जादा कापड, ठेवलीय. पूर्वीचे शिंपी माया ठेवायचे कारण कपडा पुढे सैल करायला लागणार हे धरलेलंच असायचं. माझ्या टेलरकाकांनी शर्ट उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा ज्याने शिवलाय त्याला काम येत होतं." मला तेव्हा फार बरं वाटलं. कॉलर घडीवर विरली होती, ती त्यांनी उसवून उलटवून लावली, ऐंशी रुपये घेतले. कॉलर उलटवून मिळते हे माझ्या वयाच्या कितीजणांना माहितीये?

त्या दिवसापासून मी लेबल शेवटी बघते. आधी काखेत बघायचं, घामाने कापड पिवळं पडून कडक झालं असेल तर ते जात नाही, सोडून द्या. मग कॉलरची घडी, बाह्यांच्या कडा, पॅंटचा बसायचा भाग उजेडाकडे धरून, विरलेलं लगेच दिसतं. मग आत माया आहे का. हे सगळं बरं असेल तरच भाव विचारायचा. चेन अडकत असेल किंवा बटणं नसतील तर काही बिघडत नाही, ते स्वस्तात होतं, उलट त्यावर भाव कमी करून मिळतो.

लोकरीच्या कोटात मात्र मी फसले. गडद हिरवा, आत शुद्ध लोकरीचं वूलमार्कचं चिन्ह, ते १९६४ पासूनचं आहे एवढं मला माहीत होतं म्हणून मी हरखून ६०० दिले आणि घरी येऊन बघते तर पाठीवर कसर लागलेली, टाचणीच्या डोक्याएवढी सात-आठ भोकं. आईने तो कपाटात ठेवूच दिला नाही आणि बरोबरच होतं तिचं, बाकीच्या शालींना लागली असती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवला, मग ब्रश केला, मग रफूगाराकडे. त्यांनी आतल्या मायेतलेच धागे काढून रफू केलं, ४५० घेतले. आता कुठे होतं ते मलाही पटकन सापडत नाही.

जीन्सबद्दल थोडक्यात. लिव्हायसच्या लाल टॅगवर सगळी अक्षरं कॅपिटल असली की ती १९७१ च्या आधीची, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं, विकणाऱ्यांनीही, त्यामुळे तसा टॅग दिसला तर आधी संशयच घ्या. मला एकदाही खरी मिळाली नाही. मी जी घेतली ती साधी, नव्वदच्या दशकातली वाटते, मांडीत घट्ट होती, दोन महिन्यात छान सैल झाली.

ऑनलाइन. लॉकडाऊनमध्ये इन्स्टावर थ्रिफ्टची, म्हणजे जुने कपडे विकणारी, पानं भरपूर निघाली, काही खरंच मेहनत घेतात, मापं देतात, डाग दाखवतात. पण एका पानावरून ९०० ला सिल्कचा म्हणून ब्लाऊज मागवला, आला तर आतला धागा जाळून बघितल्यावर वितळून कडक गोळी झाली. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरडते. परत घेत नाही म्हणाले. आता व्हिडीओ आणि आतल्या शिवणीचा फोटो मागते, नाही दिला तर सोडते.

आणि साडी. ८०० ला वांगी रंगाचं जुनं रेशमी लुगडं मिळालं, खरी जरी. खरी जरी असलेल्या साड्या चांदी काढायला जाळतात म्हणून ती वाचवली याचाच मला केवढा आनंद झाला होता. तिसऱ्यांदा नेसले, मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला, आणि खाली वाकले तर मांडीवर घडीच्या रेषेत सरळ चिरली. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलं की रेशीम तिथेच कुजतं. घेताना घडी उलगडून दोन्ही हातांनी हलकं आडवं ताणून बघायला हवं होतं. मला रडूच आलं. मामीने शाल दिली ती गुंडाळून बसले. काठ आणि पदर शाबूत होते, ते उतरवून साध्या सुती साडीला लावून घेतलेत.

धुण्याचं म्हणाल तर आल्या आल्या सुती कपडे गरम पाण्यात, मग कडक उन्हात दोन दिवस उलटे करून. रेशीम रिठ्याच्या पाण्यात, सावलीत. डांबराच्या गोळ्यांचा वास धुऊन जात नाही, हवेवर टांगून ठेवल्यानेच जातो. जून ते सप्टेंबर मी जुमा बाजारात जात नाही, ढीग ओले असतात, बुरशीचे काळे ठिपके पडलेले कपडे येतात आणि ते ठिपके निघत नाहीत.

पावसामुळे सध्या घरचीच कपाटं उपसतेय. आई जुनी पातळं बोहारणीसाठी वेगळी काढते ते बोचकं आता आधी माझ्याकडे येतं. गेल्या आठवड्यात त्यात आजीचं वायलचं पातळ होतं, फिकट पिवळं, इतकं मऊ की हातात धरल्यासारखं वाटत नाही, घडीवर ताणून बघितलं, एक धागा हलला नाही. ते ठेवून घेतलं आणि त्याच्या जागी माझ्या दोन नव्याकोऱ्या, न बसणाऱ्या पॅंट दिल्या. आईला ठरलेली कढई मिळाली.